फ्लॉवरचा लगदा का होतो?

फ्लॉवरमध्ये मुळातच सुमारे 92 टक्के पाणी असतं. त्यात वरून आणखी पाणी घातलं की लगदा ठरलेला. म्हणून काहीही करायचं असलं, तरी आधी तुरे कोरडे करा.

अळ्यांसाठी लिटरभर कोमट पाण्यात एक मोठा चमचा मीठ घालून तुरे 10 मिनिटं उलटे बुडवा. मग उपसा आणि फडक्यावर चांगले सुकू द्या. ही पायरी बहुतेक जण गाळतात.

100 ग्रॅम कच्च्या फ्लॉवरमध्ये जेमतेम 25 कॅलरी, 2 ग्रॅम तंतू आणि 48 मिलिग्रॅमच्या आसपास क जीवनसत्त्व असतं. हे जीवनसत्त्व पाण्यात उतरतं, त्यामुळे उकडून पाणी ओतून दिलं की त्यातलं बरंचसं मोरीत जातं. त्यापेक्षा 5-6 मिनिटं वाफवा. जास्त शिजवला तर गंधकाचा उग्र वास सुटतो. खायचा सोडा तर नकोच! त्याने रंग पिवळट होतो, तुरे गिळगिळीत होतात.

चव खुलते ती ओव्हनमध्ये. 600 ग्रॅम फ्लॉवरचे चारेक सेंटिमीटरचे तुरे करून उभे अर्धे कापा. दोन मोठे चमचे तेल, अर्धा छोटा चमचा मीठ चोळा आणि कापलेली सपाट बाजू खाली ठेवून ट्रेवर सुटे मांडा. 220 अंशांवर 25-30 मिनिटं. पहिली 15 मिनिटं हात लावू नका. तुरे दाटीने रचले तर वाफेत शिजतात, कडा तपकिरी होतच नाहीत.

भातासारखा करायचा तर किसून फडक्यात घट्ट पिळा आणि पसरट तव्यावर चमचाभर तेलात, झाकण न ठेवता, 4-5 मिनिटं परता. मीठ शेवटी घाला. आधी घातलं की पाणी सुटतं.

सूपला मात्र मऊ शिजलेलाच हवा. यात स्टार्च कमी, त्यामुळे मिक्सरमध्ये बटाट्यासारखा चिकट होत नाही आणि क्रीमशिवायही दाट लागतो. दांडा टाकू नका: जाड साल काढून पातळ चकत्या करा. कोवळी पानंही भाजता येतात, पण ती 10 मिनिटांतच करपतात, म्हणून ट्रेवर उशिरा टाका.

उरलेला गड्डा न धुता, भोकं असलेल्या पिशवीत, दांडा वर करून फ्रीजमध्ये ठेवा. ओल तुऱ्यांत साचली की काळे डाग पडतात.