दहावीला बसताय? मग हे आत्ताच सुरू करा

मी कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेतून एसएसएलसी, म्हणजे इथली दहावी, झाले. पोरांनो, सगळ्यात आधी कन्नड धरा, शेवटच्या महिन्यावर ढकलू नका. बसस्टँडवर उभं राहून पाट्या वाचायच्या. मी जोडाक्षरं तिथंच शिकले. कन्नडात दुसरं अक्षर पहिल्याच्या पायाशी लटकतं, ते एकदा डोळ्यात बसलं की वाचन धावतं. ए आणि ओ मात्र ऱ्हस्वही असतात, दीर्घही. आपल्या कानाला तो फरक चटकन कळत नाही, म्हणून कन्नड बोलणाऱ्या मैत्रिणीकडून धडा मोठ्यानं वाचून घ्या.

मराठी घरचीच म्हणून गृहीत धरू नका. एकूण 625 पैकी 125 गुण पहिल्या भाषेचे, बाकी विषय शंभराचे. त्या 125 मधले 25 शाळेच्या हातात, तेव्हा वह्या-प्रकल्प वेळेत द्या. (सर हेच सांगतात, ऐकतो कोण!)

विज्ञानाच्या वहीत मराठी संज्ञेशेजारी इंग्रजी शब्द लिहीत जा. पीयूसी (म्हणजे अकरावी-बारावी) सायन्सला 'ऑक्सिडेशन' येतं, 'ऑक्सिडीकरण' नाही. गणिताचं काय सांगू, सोडवत बसा. आणि खेळाचा तास कुणी जादा तासासाठी मागितला, तर निदान एक तरी राखून ठेवा.