गेमिंग पीसीचे पार्ट घेताय? निदान या चुका तरी टाळा

एसएमपीएसपासूनच, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यापासूनच सुरुवात करतो कारण तिथेच सगळे गंडतात. यादी करायला बसले की प्रोसेसर, ग्राफिक कार्ड, आरजीबी पंखे सगळं आधी ठरतं आणि पॉवरसाठी उरतात कसेबसे हजार रुपये, नाहीतर कॅबिनेटबरोबर फुकट आलेला डबाच लावून टाकतात. वर ४५० वॅट लिहिलंय ना काका, मग झालं की!

नाही झालं. इथे इंदूरला रामबागेतल्या एका पोराने नेमकं हेच केलं होतं. रायझन ५ ५६०० प्रोसेसर, आरटीएक्स ३०६० ग्राफिक कार्ड, काचेचं चकाचक कॅबिनेट आणि पॉवरला तो फुकटचा डबा. ब्राउझिंग करताना मस्त चालायचा, गेम लावला की थोड्या वेळात खटकन बंद. मित्र म्हणाले विंडोज खराब झालंय भिया, फॉरमॅट मारला, मग कोणी म्हणालं रॅम, तर रॅम बदलून आणली, फरक शून्य. माझ्याकडे आणला तेव्हा मी काही चालू-बिलू केलं नाही, आधी साइडचं पॅनल काढून एसएमपीएसचं लेबल वाचलं. १२ व्होल्टच्या रकान्यात १६ अँपिअर, म्हणजे १२ गुणिले १६, १९२ वॅट फक्त. प्रोसेसर आणि कार्ड जवळजवळ सगळी पॉवर या १२ व्होल्टवरूनच घेतात, स्टिकरवरचा मोठा आकडा काहीही असो. आता ३०६० एकटं १७० वॅटचं, प्रोसेसर वर ६५ वॅटचा आणि लोडवर त्याहून थोडं जास्तच खाणारा, मग बंद पडणार नाही तर काय होणार?

बरं, त्या डब्याला कार्डाची ८ पिनची वायर नव्हतीच, म्हणून पठ्ठ्याने हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या साटाच्या वायरला कन्व्हर्टर जोडला होता. साटाचा प्लग १२ व्होल्टवर जेमतेम ५४ वॅटसाठी बनलेला असतो आणि ८ पिनची वायर १५० वॅटसाठी. प्लगचं प्लास्टिक एका बाजूने वितळलेलं होतं आणि हे साहेब रात्री घरचे सगळे झोपल्यावर गेम खेळायचे. असे कन्व्हर्टर विकणाऱ्यांवर माझा राग आहेच, पण विचारायच्या आधी पैसे काढणाऱ्यांवर जास्त आहे.

मी यादीत पहिली ओळ एसएमपीएसची लिहितो. अशा कार्डाला चांगल्या कंपनीचा ५५० वॅट, ५ वर्षं वॉरंटी, आणि लेबलवर १२ व्होल्टचे अँपिअर मोजल्याशिवाय मी पैसे देत नाही. ८० प्लस ब्राँझ बघून हुरळू नका, त्यावरून वीज किती वाया जाते एवढंच कळतं, शॉर्ट सर्किटला तो टिकेल का ते नाही. यूपीएसवरही तेच, ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट नव्हे, बऱ्याच मॉडेलांवर बारीक अक्षरात ३६० वॅट लिहिलेलं असतं.

दुसरी डोकेदुखी, ऑफर दिसली म्हणून रॅम आधी घ्यायची. मदरबोर्डावर प्रोसेसर बसतो त्या सॉकेटवर रॅमचा प्रकार ठरतो. एएमडीच्या एएम४ सॉकेटच्या बोर्डाला डीडीआर४ लागते, एएम५ ला फक्त डीडीआर५, आणि इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटमध्ये दोन्ही प्रकारचे बोर्ड येतात पण एका बोर्डावर सहसा एकच चालते. दोन्ही रॅमची खाच वेगळ्या जागी असते, जोर लावून बसत नाही, कृपया लावू नका. १६ जीबी हवी तर ८-८ च्या दोन घ्या आणि बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये जाऊन एक्सएमपी (रॅम पूर्ण स्पीडवर चालवणारा पर्याय) चालू करा, नाहीतर महागडी रॅम कमी स्पीडवरच चालत राहते.

पुढून बंद काचेचं कॅबिनेट नको, मे महिन्यात आपल्याकडे पारा ४० च्या वर जातो, जाळीवालंच घ्या.

इंटेलच्या नावाशेवटी एफ असलेल्या प्रोसेसरला स्वतःचं ग्राफिक नसतं, वरच्या रायझन ५६०० लाही नाही, तेव्हा ‘कार्ड पुढच्या पगारात घेऊ’ म्हणाल तर तोवर काळा स्क्रीन बघत बसा.

१४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा मॉनिटर घेऊन सेटिंगमध्ये ६० वरच ठेवणारे तर घरोघरी आहेत.

आणि महिन्याला एक पार्ट असं जमवत बसू नका. सहा महिन्यांनी जोडायला घेतलं आणि बोर्डच मेलेला निघाला तर दुकानदार बदलून देणार नाही, सर्व्हिस सेंटरच्या चकरा मारा मग. इंदूरच्या कॉम्प्युटर बाजारात, सिल्व्हर मॉलला जायचंच तर सगळे पैसे हातात आल्यावर जा, एका दिवसात उचला, बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या आणि त्याच रात्री जोडून गेम लावून बघा.