नवीन हीट पंपाचा आवाज येतोय? तो कसा शोधायचा आणि कसा थांबवायचा

दिवाळी झाल्यावर आईच्या खोलीत हॉट अँड कोल्ड एसी बसवला. हीट पंप म्हणतात तो हाच. उन्हाळ्यात खोलीतली उष्णता बाहेर टाकतो, हिवाळ्यात उलटा चालून बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणतो. आईच्या गुडघ्यांना डिसेंबरची पहाट सोसत नाही आणि आपल्याकडची मे महिन्यातली दुपार कोणालाच सोसत नाही, म्हणून एकाच यंत्रात दोन्ही सोयी बघितल्या. चौथ्या दिवशी सकाळी शेजारच्या काकू कुंपणाशी आल्या. "रातभर घूं घूं चालू राहाते ना बाप्पा, झोपच येऊन नाही राहिली." आमच्याही घरात तोच प्रकार होता. आईच्या उशाशी भिंत गुणगुणत होती.

बसवणाऱ्याचं म्हणणं होतं, "नवीन आहे भाऊ, आठ दिवसांत आवाज बसून जाईल." आठाचे पंधरा दिवस झाले, आवाज तसाच. मग मीच शोधायला लागलो, आणि निघालं असं की मशीन अगदी ठणठणीत होती. तिचं ब्रॅकेट टिनाच्या छताला धरणाऱ्या लोखंडी अँगलवर ठोकलेलं होतं, म्हणजे सगळं छप्परच ढोल झालं होतं. गावातल्या आणखी तीन-चार घरी पाहिल्यावर माझं मत पक्कं झालं: नव्या यंत्राचा आवाज बहुतेक वेळा यंत्राचा नसतो, बसवणीचा असतो. बसवणीतली चूक शोधायला महागडी उपकरणं लागत नाहीत. लागतो तो कान, थोडा धीर आणि घरातलं लाटणं.

पाना-पकड नंतर, आधी दोन रात्री ऐका

एक वही घ्या. आवाज कधी सुरू होतो, किती वेळ टिकतो, तेव्हा यंत्र गार करत होतं की गरम, पंखा कमी होता की जास्त, एवढं लिहा. मेकॅनिक दुपारी येतो आणि आवाज पहाटे चारला येतो, ही नेहमीची अडचण आहे. वही आणि मोबाइलवरचं रेकॉर्डिंग असलं की तो "काही नाही होत" म्हणून परत जाऊ शकत नाही.

मग रिमोटवर नुसता फॅन मोड लावा. या मोडमध्ये बाहेरच्या युनिटमधला कॉम्प्रेसर (गॅस दाबणारं यंत्र) आणि बाहेरचा पंखा दोन्ही बंद असतात. तरीही आवाज येत असेल तर शोध आतल्या युनिटमध्ये घ्यायचा. आवाज थांबला तर बाहेर चला.

बाहेर युनिटपासून दहा पावलांवर उभे राहून ऐका, नंतर आत पलंगावर आडवे होऊन ऐका. बाहेर जेमतेम ऐकू येतो पण आत घुमतो, असं असेल तर आवाज हवेतून येत नाही, भिंतीतून किंवा छतातून येतो. खात्री करायला लाटण्याचं एक टोक भिंतीला टेकवा आणि दुसरं कानाच्या पुढच्या हाडाला. जिथे घुं जास्त, तिथून थरथर घरात शिरते. भिंतीवर हातभर अंतराने लाटणं सरकवत गेलं की ती नेमकी जागा सापडते. मला ती दहा मिनिटांत सापडली. विजेच्या वायरजवळ आणि पंख्याच्या जाळीजवळ मात्र लाटणं नेऊ नका.

कोणता आवाज काय सांगतो

सगळे आवाज दोषाचे नसतात. सुरू-बंद होताना येणारा "कट-कट" हा प्लास्टिक गरम-गार होऊन आकुंचन-प्रसरण पावल्याचा असतो. बंद केल्यावर थोडा वेळ खळखळ येते, ती पाइपमधला गॅस दाब समान करत वाहतो म्हणून. हिवाळ्यात पहाटे गरम मोडवर असताना अचानक "फस्स" होऊन बाहेरचा पंखा थांबला, युनिटमधून वाफ निघाली आणि खाली पाणी गळलं, तर घाबरू नका. बाहेरच्या कॉइलवर साचलेला बर्फ वितळवण्यासाठी यंत्र काही मिनिटं स्वतःच उलटं चालतं. गोंदिया-नागपूरकडे पारा दहाच्या खाली उतरतो त्या दिवसांत हे दिसू शकतं. ही मिनिटं संपली की गरम हवा पुन्हा सुरू होते.

खडखड आली तर काहीतरी सैल आहे: पत्रा, स्क्रू, जाळी किंवा एकमेकांवर आपटणारे पाइप. "खर्र खर्र" म्हणजे पंख्याचं पातं कशाला तरी घासतंय. सलग घूं घूं ही थरथर आहे. शिट्टी किंवा सारखा "सूऽऽ" येत असेल आणि थंडावाही कमी झाला असेल तर गॅस गळतोय का ते तपासून घ्यावं लागेल. कॉम्प्रेसरमधून लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा ठक-ठक आवाज आला तर लगेच बंद करा आणि पुन्हा चालू करून बघू नका.

थरथर कुठून जाते

सर्वात जास्त वेळ इथेच द्यायचा. यंत्र चालू असताना बाहेरच्या युनिटच्या वरच्या पत्र्यावर तळहात दाबा, नंतर दोन्ही बाजूंना, मग ब्रॅकेटवर, शेवटी पाइपांवर. पंख्याकडच्या बाजूला हात नेऊ नका. जिथे दाबल्यावर आवाज बदलतो तिथे गोम आहे. पत्रा दाबून खडखड थांबली तर स्क्रू घट्ट करा. पाइप धरल्यावर घूं कमी झाली तर चूक पाइपाच्या बांधणीत आहे.

बाहेरच्या युनिटचं वजन साधारण पंचवीस ते चाळीस किलो असतं आणि आत कॉम्प्रेसर सतत थरथरतो. ती थरथर चार पायांतून खाली उतरते. पायाखाली जाड रबर हवं. ट्रॅक्टरच्या ट्यूबचा तुकडा लावून पाहिला; तो दबून पातळ होतो आणि मग असून नसल्यासारखा. खाचा असलेले जाड रबरी पॅड मिळतात, ते घ्या. नट इतका कसू नका की रबर चपटं होईल. नटाखाली लोखंडी वॉशरच्या आधी रबरी वॉशरही हवा, नाहीतर खाली रबर आणि वरून बोल्ट थेट लोखंडाला, मग थरथर बोल्टातून उतरते. बसवणारे ही गोष्ट घाईत विसरतात. काही यंत्रांमध्ये वाहतुकीसाठी कॉम्प्रेसरपाशी आधार किंवा फोम घातलेला असतो. तो काढायचा की ठेवायचा हे पुस्तिकेत बघा आणि काढायचा असेल तर मेकॅनिककडून काढून घ्या.

भिंत कोणती आहे हेही महत्त्वाचं. पक्क्या विटेच्या जाड भिंतीवर ब्रॅकेट चालतं. जुन्या घराच्या मातीच्या किंवा कच्च्या विटांच्या भिंतीत फास्टनर टिकत नाही. थरथरीने भोक मोठं होत जातं आणि महिन्याभरात ब्रॅकेट डुलायला लागतं. तिथे युनिट भिंतीवर नकोच. टिनाच्या छतावर किंवा छताच्या अँगलवर तर अजिबात नको.

मग जमिनीवर. इथे आपल्या काळ्या मातीचा विचार करावाच लागतो. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर नुसता सिमेंटचा ओटा टाकला तर तो एका पावसाळ्यात कलतो, आणि कललेलं युनिट जास्त थरथरतं. मी दीड फूट काळी माती काढली, मुरूम भरला, पाणी मारून धुम्मस केली आणि त्यावर चार इंच काँक्रीट टाकलं. ओट्याची लेव्हल मिस्त्रीकडून तपासून घेतली. ओटा घराच्या जोत्याला चिकटवला नाही, मध्ये इंचभर फट ठेवली. ही फट लहान वाटते, पण ओट्यातून घरात जाणारा रस्ता तीच तोडते. पावसाचं पाणी साचू नये म्हणून ओटा जमिनीपासून थोडा उंच ठेवा.

पाइपांकडे वळू. आतलं आणि बाहेरचं युनिट जोडणारे तांब्याचे पाइप ताठ ताणलेले असतील तर ते तारेसारखे थरथर वाहून नेतात. बाहेरच्या युनिटजवळ त्यांना एक मोकळं वळण हवं. दोन पाइप एकमेकांना आणि भिंतीला टेकू नयेत, टेकत असतील तर मध्ये इन्सुलेशन घाला. क्लिपच्या आत रबर हवं. भिंतीतलं भोक सिमेंटने गच्च भरलेलं असेल तर तेही चूक, कारण पाइप भिंतीशी एकजीव होतो. सिमेंट काढून मऊ पुट्टी किंवा फोम भरा. भोक उघडं ठेवू नका, नाहीतर गांधीलमाशा आणि पाली आत घर करतात. पाइप हाताने वाकवू नका. तांबं दुमडलं की गॅसच्या वाटेत अडथळा येतो आणि नवीनच आवाज सुरू होतो.

वीज, कापूस आणि निंबोळ्या

संध्याकाळीच घुं वाढते का? घरगुती सिंगल फेजचं व्होल्टेज २३० असतं, आणि सहा टक्के इकडे-तिकडे चालतं, म्हणजे साधारण २१६ ते २४४. शिवारात मोटारी सुरू झाल्या की ते बरंच खाली येतं. साध्या एसीचा कॉम्प्रेसर अशा वेळी "घूं" करून अडतो आणि बंद पडतो. वायरमनकडून त्याच वेळी मोजून घ्या, दुपारी मोजून उपयोग नाही. रात्री टकटक येत असेल तर बहुतेक स्टॅबिलायझरच्या रिलेची, म्हणजे आतल्या आपोआप चालू-बंद होणाऱ्या स्विचची. स्टॅबिलायझर आईच्या डोक्यापासून दूर, दुसऱ्या भिंतीवर लावल्यावर आम्हाला फरक पडला.

कापूस वेचणीच्या दिवसांत हवेत तंतू उडतात, आणि सोयाबीनच्या मळणीचा भुसा वेगळाच. ते बाहेरच्या कॉइलवर चादरीसारखे बसतात. हवा कोंडते, पंख्याचा आवाज वाढतो आणि कॉम्प्रेसरला जोर लागतो. एमसीबी बंद करून मऊ ब्रशने तंतू काढा. पाणी मारायचं तर पुस्तिका बघून, हळू धारेने. आतल्या युनिटचा फिल्टर त्या महिन्यांत दर आठवड्याला धुवा. कडुनिंबाखाली युनिट असेल तर पानं, काड्या, निंबोळ्या जाळीतून आत पडतात आणि पात्याला लागतात.

आतून गुळगुळ येत असेल तर पाणी वाहून नेणाऱ्या ड्रेन पाइपकडे बघा. त्यात झोळ पडला असेल, किंवा त्याचं टोक बादलीतल्या पाण्यात बुडालं असेल, तर हवा अडकते. पाइपाला सलग उतार द्या आणि टोक मोकळं ठेवा.

शेजाऱ्यांकडे तोंड

उन्हाळ्यात गावात माणसं अंगणात बाज टाकून झोपतात. तुमच्या युनिटचं तोंड त्या बाजेकडे असेल तर कितीही रबर लावा, तक्रार येणारच, आणि ती रास्त आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत रहिवासी भागासाठी दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री (१० ते सकाळी ६) ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो, त्यामुळे चार पावलं दूर नेणं सगळ्यात स्वस्त उपाय ठरतो. दोन भिंतींच्या कोपऱ्यात युनिट ठेवू नका. भिंती आवाज परत फेकतात आणि तो वाढतो. पोत्यांनी गुंडाळणं, पेटीत बंद करणं हे करूच नका. उष्णता बाहेर पडली नाही की दाब वाढतो आणि यंत्र स्वतःच बंद पडतं. आड द्यायचीच तर थोडं अंतर सोडून विटेची भिंत बांधा, पण मागे, बाजूला आणि समोर पुस्तिकेत सांगितलेली जागा मोकळी ठेवूनच.

स्वतः हात लावायचा नाही असं

गॅस, तांब्याच्या पाइपांचे जोड, कॉम्प्रेसर आणि सर्किट बोर्ड. बोर्डवरच्या कपॅसिटरमध्ये वीज बंद केल्यावरही काही वेळ भार साठलेला असतो. गॅस जास्त भरला गेला, किंवा बसवताना व्हॅक्यूम न करता, म्हणजे पाइपांतली हवा पंपाने ओढून न काढता, हवा आणि ओलावा आत राहिला, तर कॉम्प्रेसर विचित्र आवाज करतो. हे दाब मोजणारं गेज लावून तपासावं लागतं. मेकॅनिकला स्पष्ट विचारा: व्हॅक्यूम पंप लावला होता का, किती वेळ? उत्तर टाळलं तर वॉरंटीत कंपनीकडे लेखी तक्रार करा आणि वहीतल्या तारखा, वेळा जोडा.

आम्ही युनिट टिनापासून काढून गोठ्यामागच्या ओट्यावर नेलं आणि पंख्याचं तोंड शेताकडे केलं. पाइप लांबवावा लागला, वाढीव पाइपासाठी गॅस मोजून भरून घेतला. नंतर महिन्याभराने सगळे नट पुन्हा तपासले. दोन सैल झालेले होते. युनिट हलवलं त्या रात्री काकूंना मुद्दाम विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या की मशीन बंद आहे असंच वाटलं. ती चालू होती.