फिनिश लिहिणं सुधारतंय की नाही, हे कसं बघायचं

फिनलंडला येऊन फिनिश शिकणाऱ्या आपल्या लोकांची नेहमीची तक्रार, एवढं लिहितोय पण चुका कमीच होत नाहीयेत. अहो चुका मोजू नका, कसल्या होतायत ते बघा! एक वही करा, दर आठवड्याला पाचसहा ओळी, वर तारीख, आणि दुरुस्ती वेगळ्या पेनाने शेजारी करा म्हणजे मूळ लिहिलेलं तसंच राहील.

सुरुवातीला सगळी वाक्यं 'मिना ओलेन' (मी आहे), 'मिना आसुन' (मी राहतो) अशीच निघतात, निघू देत. डबल अक्षरं मात्र पहिल्यापासून सांभाळा, कारण तुलि म्हणजे आग, तूलि म्हणजे वारा आणि तुल्लि म्हणजे कस्टम्स.

मग विभक्त्या. 15 आहेत म्हटल्यावर धडकी भरते पण आपल्याला ही गोष्ट नवीन नाहीये, रस्ता-रस्त्यावर होतं तसंच कातु-कादुल्ला, प्रत्यय लागला की शब्दच बदलतो. 'माझ्याकडे पुस्तक आहे' हेही 'मिनुल्ला ओन किर्या' असंच येतं, त्यामुळे इंग्रजीतून न जाता सरळ मराठीतून फिनिशमध्ये या, खरंच सोपं जातं.

खरी कसोटी पार्टिटिव्हची, म्हणजे काम अर्धवट असलं की कर्माला लागणाऱ्या विभक्तीची. 'लुइन किर्येएन' म्हणजे पत्र वाचून झालं, 'लुइन किर्येत्तॅ' म्हणजे वाचत होतो, आणि नकार आला की पार्टिटिव्हच, 'एन लुकेनुत किर्येत्तॅ'. हे शिकल्यावर काही दिवस माणूस दिसेल तिथे पार्टिटिव्ह लावत सुटतो आणि पान आधीपेक्षा जास्त लाल होतं, इथेच बरेच जण हताश होतात आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण आधी ती वाक्यं तुम्ही लिहीतच नव्हतात म्हणून चुकत नव्हतात, आता लिहायला लागलात!

पुढे वाक्यं जोडली जातात, आधी कोस्का (कारण), एत्तॅ (की), मग योका, योन्का, योस्सा, म्हणजे आपलं जो, ज्याचा, ज्यात. वहीत योन्का बरोबर जागी दिसला की समजा मोठा टप्पा पार पडला.

बोलीतलं 'मॅ ओओन' मित्रांच्या मेसेजमध्ये मस्त, पण ऑफिसच्या मेलमध्ये 'मिना ओलेन'च लिहा. नागरिकत्वासाठी यूकि (YKI) या सरकारी भाषा-परीक्षेत लेव्हल 3 लागते, तिथे लेखनात दोन्हीची खिचडी नको.

आणि कुणाला तपासायला दिलंत तर एकावेळी एकच गोष्ट बघायला सांगा, या वेळी फक्त कर्माची विभक्ती, पुढच्या वेळी क्रियापदं.