तिसऱ्यांच्या पोटातलं प्लास्टिक कसं शोधावं

तिसरी, म्हणजे खाण्याचा एक शिंपला, पाणी गाळून खाते, त्यामुळे ५ मिलिमीटरहून बारीक प्लास्टिक तिच्या कल्ल्यांत आणि आतड्यात जातं. पोट भरल्यासारखं होतं, पोषण मात्र मिळत नाही. वाढ खुंटू शकते.

तपासणी कॉलेजच्या प्रयोगशाळेतच करा. तिसऱ्या आधी बाहेरून नीट धुवा, मगच उघडा. मांस काचेच्या फ्लास्कमध्ये घालून त्याच्या आकारमानाच्या निदान तिप्पट १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं, म्हणजे मांस विरघळवणाऱ्या क्षाराचं, द्रावण ओता. हातमोजे आणि सुरक्षा-चष्मा हवेतच, हे द्रावण कातडी जाळतं. झाकण सैल ठेवून ४० अंश सेल्सियसला ४८ तास राहू द्या. घाईने उष्णता वाढवलीत तर पॉलिएस्टरचे धागे झिजतात आणि आकडा खोटा येतो. मग ग्लास फायबर फिल्टरमधून गाळा; साधा गाळणकागद स्वतःच तंतू सोडतो.

सूक्ष्मदर्शकाखाली एकसारख्या जाडीचा निळा किंवा लाल धागा दिसला, की तापलेली सुई जवळ न्या. प्लास्टिक बहुधा आक्रसतं किंवा वितळतं, कापूस नाही.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो आपल्याच कपड्यांमुळे. सुती एप्रन घाला. शिवाय मांसाविना एक फ्लास्क सोबत तसाच चालवा. त्यात सापडलेले धागे बाहेरून आलेले, ते मोजणीतून वजा करा.