लेकवर कोण जिंकतंय ते ओळखायचं कसं

लेक (lek) म्हणजे काही जातींच्या नर पक्ष्यांचं माद्यांसमोर मिरवायचं ठरलेलं मैदान. माद्या तिथे येतात त्या फक्त जोडीदार निवडायला, पिल्लं वाढवायचं काम पुढे त्या एकट्याच करतात. नवीन माणूस तिथे गेला की जो नर सगळ्यात जास्त उड्या मारतोय त्याच्याकडेच बघत बसतो आणि खरी चुरस निसटून जाते.

सूर्योदयाच्या तासभर आधी पोचा, गाडीत किंवा आडोशाला बसा, आणि पक्षी आपणहून उडून जाईपर्यंत खाली उतरू नका. हे प्लीज मनावर घ्या, माद्या यायचे दिवस मोजकेच असतात, बिचकल्या तर ती सकाळ त्यांचीही वाया जाते.

माद्या यायच्या आधी कागदावर नकाशा काढा. ब्लॅक ग्राउझ (कोंबडीसारखा, जमिनीवर राहणारा पक्षी) असतील तर प्रत्येक नराचा आपापला छोटा तुकडा असतो आणि हद्दीवर दोघं मान खाली घालून, शेपटी पसरून, लाल भुवया फुगवून समोरासमोर उभे राहतात, एक पुढे सरकला की दुसरा मागे, मग उलट. जिथे हे चाललंय तिथे रेघ मारा. मधल्या तुकड्यांवर जास्त लक्ष ठेवा, कारण तिथल्या नरांकडे माद्या जास्त जातात आणि कोवळे नर बहुतेक कडेला असतात.

मादी आली की सगळेच पेटतात. आता नरांवरची नजर काढा आणि फक्त तिच्या मागे फिरवा, ती कुठे थांबते, कोणाच्या तुकड्यातून सरळ निघून जाते ते टिपा. सेज ग्राउझमध्ये (उत्तर अमेरिकेतला ग्राउझ) नर छातीच्या पिशव्या फुगवून पॉप पॉप आवाज काढतो, तेव्हा मिनिटाला किती वेळा करतो ते मोजा, मादी लांब असताना वेगळं आणि जवळ आल्यावर वेगळं. पक्ष्यांच्या वागण्यावर संशोधन करणाऱ्या गेल पॅट्रिसेली यांनी चक्क रोबो मादी मैदानात फिरवून हेच तपासलं, आणि यशस्वी नर मादी जवळ आल्यावर जोर वाढवतात असं दिसलं. मला हे फार आवडतं, नुसती ताकद नाही, ती कधी लावायची हेही कळावं लागतं.

रफ (पाणथळ जागी राहणारा पक्षी) बघताय तर जपून. त्यांच्या नरांच्या मानेभोवती पिसांची कॉलर असते. गडद कॉलरवाले जागा राखतात, पांढऱ्या कॉलरवाले बहुतेक स्वतःची जागा न धरता त्यांच्याच तुकड्यात वावरतात, आणि थोडे नर तर दिसायला हुबेहूब मादीसारखे असतात, ते गुपचूप घुसून मिलन करतात. म्हणून कॉलर नाही म्हणजे मादीच, असं लिहून मोकळे होऊ नका.

जमलं तर सलग दोन-तीन सकाळी तोच नकाशा घेऊन बसा, मादीसुद्धा बऱ्याचदा एका फेरीत ठरवत नाही.