पहिलं वाक्य वहीत लिहून ठेवा

नोकरीला लागून जेमतेम सहा आठवडे झाले होते. मी सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणाऱ्या टेस्टिंगच्या टीममध्ये. रिलीजच्या आदल्या दिवशीची मीटिंग. पासवर्ड बदलला तरी दुसऱ्या मोबाइलवरचं जुनं लॉगिन तसंच चालू राहतं, हे मला दिसलं होतं. दोनदा तपासलं होतं, स्क्रीनशॉटही काढले होते. "कुणाला काही सांगायचंय?" असं विचारल्यावर माझं बोट अनम्यूटपाशी गेलं आणि तिथेच अडलं. इतकी साधी गोष्ट यांच्या नजरेतून सुटेल कशी? माझंच काहीतरी चुकलं असणार!

चार दिवसांनी तीच तक्रार ग्राहकाकडून आली. "तुला आधी दिसलं नव्हतं?" मॅनेजरनी एवढंच विचारलं. मी "नाही" म्हणाले. गप्प बसण्यापेक्षा ते "नाही" मला जास्त दिवस बोचत राहिलं.

सगळं येत असूनही 'आपण इथे चुकून आलोय' असं वाटणं जुनंच आहे. पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या मानसशास्त्रज्ञांनी 1978 मध्ये त्यावर लिहिलं होतं. खरं सांगायचं तर ते वाचून बरं वाटलं, पण मीटिंगमध्ये तोंड काही उघडलं नाही. उपयोग झाला तो सावित्स्की आणि गिलोविच या मानसशास्त्रज्ञांच्या 2003 च्या प्रयोगाचा. भाषणाआधी काही जणांना त्यांनी समजावलं, की तुमची धडधड तुम्हाला वाटते तितकी समोरच्याला दिसत नाही. त्यांची भाषणं इतरांपेक्षा चांगली झाली, श्रोत्यांच्याही मते.

मग मी एक सवय लावून घेतली. मीटिंगआधी फक्त पहिलं वाक्य वहीत लिहायचं. सगळं लिहिलं की आपण वाचून दाखवतोय हे लगेच कळतं. मी ते करून बघितलंय, फार वाईट होतं ते. वाक्यात काय दिसलं आणि कुठे दिसलं, एवढंच. "कदाचित माझं चुकत असेल, पण" ही सुरुवात खोडून टाकायची. शंका खरीच असेल तर ती स्वतःबद्दल नाही, कामाबद्दल बोलायची: काय तपासलंय, काय राहिलंय. नवीन माणसाला सगळं माहीत असावं अशी कुणाची अपेक्षाच नसते. काय माहीत नाही ते नेमकं सांगता आलं तरी पुरतं.

पुढच्या रिलीजला वहीत वाक्य होतं: "पेमेंट अर्ध्यात तुटलं की ऑर्डर दोनदा नोंदली जाते. अँड्रॉइडवर तीनदा दिसलं." आवाज कापत होता, तरी वाचून टाकलं.

"आयफोनवर बघितलंस?" एका सीनियरने विचारलं.

"नाही, अजून नाही."

"मग दुपारपर्यंत बघून सांग." आणि मीटिंग पुढच्या मुद्द्यावर गेली.